मंजुळाबाईची घाईची चिठ्ठी

मंजुळा आढावला ढोबळ आभार आवडत नसत. "प्रभू, सर्व गोष्टींसाठी तुझी उपकारस्तुती करतो," अशी कुणी प्रार्थना सुरू केली की तिच्या मिटल्या डोळ्यांवर आठी चढायची. सर्व गोष्टी म्हणजे कोणत्या? नळाला पाणी आलं ते, की डोक्यावरचा पत्रा वाऱ्यात टिकला ते? माणसाने नाव घेऊन सांगावं, एवढंच तिचं म्हणणं.

आणि ती सांगायची. मुलुंडला पाच रस्त्याच्या नाक्यापासून आत, कारखान्यांच्या अंगाला, मराठी ख्रिस्ती लोकांची एक लहानशी मंडळी होती. नगर, जालना, सोलापूर या बाजूंनी नोकरीसाठी आलेली तीसेक कुटुंबं. चर्चची इमारत बांधायची बोलणी एकोणीसशे पन्नासपासून चालू होती आणि नुसती चालूच होती. तोवर रविवारी सकाळी एका प्राथमिक शाळेचे दोन वर्ग उपासनेला मिळत. मोठी माणसं तिसरीच्या बाकांवर गुडघे दुमडून बसत. फळ्यावर शनिवारचे भागाकार तसेच असत आणि त्यांच्या खाली पाळक अनंतराव खडूने गीतांचे क्रमांक लिहीत.

या मंडळीत एक पद्धत होती. दानाचं ताट फिरताना ज्याला देवाचे खास आभार मानायचे असतील त्याने चिठ्ठी लिहून ताटात टाकायची. पाळक ती मोठ्याने वाचायचे, मग सगळे मिळून उपकारस्तुतीचं एक कडवं म्हणायचे. बाकीचे लोक वर्षाकाठी एखादी चिठ्ठी टाकत: मुलगा झाला, मॅट्रिक सुटली, नोकरीत कायम झालो. मंजुळाची चिठ्ठी दर रविवारी असे. नगरच्या मिशनशाळेत ती चौथीपर्यंत शिकली होती, अक्षर टपोरं होतं आणि मजकूर मोजका. "चाळीचा नळ तीन दिवसांनी आला म्हणून." "दुधात पाल पडली ती पिण्याच्या आधी दिसली म्हणून." पालीच्या चिठ्ठीला मागच्या बाकावरची माणसं खाली वाकून हसली होती. अनंतराव पाळक मात्र पालीलाही तोच आवाज लावत, जो ते बाप्तिस्म्याला लावत. म्हणून मंजुळाला ते आवडायचे.

हसणारी माणसं एका रविवारी हसली नव्हती. तिचा मुलगा, लहू, दोन वर्षांचा होऊन तापाने गेला त्यानंतरचा तो रविवार. ताटात चिठ्ठी होतीच. पाळकांनी उघडली, मनात वाचली आणि त्यांना काही आवाज फुटेना. तेव्हा मंजुळाच उठली, पुढे गेली, त्यांच्या हातून कागद घेतला आणि वाचला: "आमचा लहू शेवटच्या दिवशी शांत झोपला होता म्हणून." मग जागेवर येऊन बसली. कडवं म्हणायचं कुणालाच सुचेना. तेवढ्यात कोपऱ्यातून तबल्याचा ठेका सुरू झाला. तो तिच्या नवऱ्याने, काशीरामने, धरला होता.

काशीराम आढाव पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात प्रेसवर होता. माणूस अबोल. मोठ्याने प्रार्थना करायची पाळी आली की 'हे आमच्या स्वर्गीय पित्या' एवढ्यावर त्याची गाडी अडायची आणि पाळकांना ती पुढे ढकलावी लागायची. पण तबल्याला बसला की त्याच्यासारखा तोच. गावाकडे ख्रिस्ती कीर्तनांना साथ करत शिकलेला. त्याचं जे काही देवाशी बोलणं असेल ते बोटांतून व्हायचं, हे मंजुळाला लग्नाच्या पहिल्या वर्षातच कळलं होतं. लहू गेल्यावर त्याने तोंडातून एक शब्द काढला नाही. महिनाभर रोज संध्याकाळी तबला मात्र वाजवला. शेजारच्या सुनंदाबाई प्रधानांनीसुद्धा तेव्हा भिंतीवर ठोकलं नाही, आणि त्या एरवी ठोकायच्या.

हे एवढं माहीत असल्याशिवाय चोपन्न सालच्या सप्टेंबरात काय झालं त्याचा अर्थ लागायचा नाही.

काशीरामचा डावा हात प्रेसखाली आला. पहिली दोन बोटं चेचली. इस्पितळात बांधाबांध झाली आणि शुक्रवारी डॉक्टर मंजुळाला म्हणाले, "बोटं वाचतील बहुतेक."

तिने घरी येऊन चूल पेटवायच्या आधी चिठ्ठी लिहिली. "काशीराम आढाव यांचा हात वाचला म्हणून." रविवारी ती वाचली गेली. सगळी मंडळी खूश. एकाऐवजी दोन कडवी म्हटली. मंजुळा सगळ्यांत वरच्या पट्टीत गात होती.

बुधवारी बोटं काळी पडली. गुरुवारी डॉक्टरांनी ती काढून टाकली.

काशीराम दहा दिवसांनी घरी आला. तोवर मंडळीतली माणसं भेटायला येऊन गेली होती, आणि त्यांतल्या एका भल्या माणसाने, रेल्वेतल्या चंदर कारकुनाने, त्याला धीर द्यायला म्हणून सांगून टाकलं होतं की, काशीराव, तुमच्या हातासाठी आम्ही दोन कडवी म्हटली हो. घरी येऊन काशीराम खाटेवर बसला. कोपऱ्यात तबला आणि डग्गा खोळीत होते. त्याने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"माझा हात वाचला म्हणून आभार मानलेस?"

"मानले."

"सगळ्यांपुढे?"

"अहो, डॉक्टर म्हणाले होते—"

"जा आणि ते आभार परत घेऊन ये."

"असं कसं परत आणायचं?"

"कसं ते तू बघ. चिठ्ठ्या तू लिहितेस. ते परत आल्याशिवाय मी त्या शाळेची पायरी चढणार नाही. आणि हे कोपऱ्यातलं उचल. कुणाला तरी देऊन टाक."

लग्नाला अठरा वर्षं झाली होती. इतकं तो एका दमात पहिल्यांदाच बोलला असेल.

पाण्याला जाताना सुनंदाबाईंनी गाठलंच. बाई मनाच्या चांगल्या, पण जिभेला दार नव्हतं. "मग आता काय म्हणतो गं तुमचा देव?"

"अजून काही बोललेला नाही," मंजुळा म्हणाली. "मीही बोललेले नाही."

त्याच संध्याकाळी ती पाळकांच्या घरी गेली. अनंतराव ओट्यावर उकिडवे बसून सायकलची ट्यूब बादलीत बुडवत पंक्चर शोधत होते. ही चपला काढतानाच म्हणाली,

"सलाम, पाळकसाहेब. आभार परत न्यायला आलेय."

पाळकांनी मान वर केली. "कुणाचे?"

"माझेच. हाताचे. काशीराम म्हणतात परत घेऊन ये, नाहीतर मी उपासनेला यायचा नाही. आणि ते बोलले ते करतात. बोलतच नाहीत ना फारसे, म्हणून करतात."

"बावीस वर्षं पाळक आहे मी, मंजुळाबाई. दिलेले आभार परत मागायला कुणी आलं नव्हतं." त्यांनी ट्यूब फिरवली. "बसा. डॉक्टर त्या शुक्रवारी नेमकं काय म्हणाले होते?"

"बोटं वाचतील..." मंजुळा अडली. "बोटं वाचतील बहुतेक."

"आणि चिठ्ठीत?"

"चिठ्ठीत बहुतेक नव्हतं."

"का नव्हतं?"

"देवाला लिहायच्या चिठ्ठीत बहुतेक कसं लिहायचं? विश्वास कमी दिसतो."

"एवढंच?"

मंजुळाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. खोटं बोलणं तिला येत नव्हतं असं नाही, पण पाळकाच्या ओट्यावर बसून बोलणं बरं दिसत नव्हतं.

"एवढंच नाही," ती म्हणाली. "मला वाटलं, एकदा मंडळीपुढे वाचून झालं, सगळ्यांनी कडवं म्हटलं, की देवाला माघार घेता यायची नाही. चारचौघांत त्याला लाज वाटेल. मी त्याला अडकवायला गेले, पाळकसाहेब."

पाळक हसले नाहीत, हे बरं झालं. म्हणाले, "आम्ही पाळक लोक हे दर रविवारी करतो. फक्त इतकं सरळ कबूल करत नाही." बादलीत बुडबुडे आले. त्यांनी भोकावर अंगठा दाबून धरला. "लहूच्या वेळची चिठ्ठी काय करून घ्यायला लिहिली होती?"

"काही नाही. तेव्हा करून घ्यायला उरलं काय होतं?"

 पाळक कानस घेऊन रबर घासत राहिले. मंजुळा थोडा वेळ बसली, मग चपला घालून घरी आली. रस्त्याने तिला एकच लागून राहिलं होतं. हात मोकळे असताना लिहिलेली चिठ्ठी खरी होती, आणि मुठीत काहीतरी धरून लिहिलेली खोटी. हे आपल्याला चिठ्ठी लिहितानाच का नाही कळलं?

घरी तिने सांगितलं, "परत मिळत नाहीत. आणि चूक माझी आहे. मी बहुतेक गाळलं." काशीराम भिंतीकडे तोंड करून पडला होता, तसाच राहिला.

त्यानंतर पाच रविवार मंजुळा एकटी गेली. जायचं सोडलं नाही आणि गायचंही सोडलं नाही. रडवेलं गाणाऱ्यांचा तिला रागच होता. देवापुढे गायचं तर छाती भरून गावं, नाहीतर घरी बसावं. चिठ्ठी मात्र लिहीना. ताट पुढ्यात आलं की ती ते पुढच्या बाकाकडे सरकवायची. पाळक क्षणभर थांबायचे, मग पुढचा क्रमांक सांगायचे. एकदा नळाला चार दिवसांनी पाणी आलं तेव्हा हात पेन्सिलीकडे गेला होता. पण तिला स्वतःचाच भरवसा वाटेना. आभार मानते आहे, की उद्याच्या पाण्याची सोय लावते आहे? पेन्सिल तिने परत ठेवली.

तबल्याला चंदर बसायला लागला होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, कुणी दुसरं नव्हतं म्हणून बसला. माणूस मनाचा सोन्यासारखा, पण हात लग्नाच्या बँडचा. कुठलंही गीत द्या, दुसऱ्या कडव्याला त्याची वरात निघायची आणि तिसऱ्याला म्हातारी माणसं धापा टाकायची. शाळा चाळीच्या समोरच होती. खिडकी लावून घेतली तरी सगळं आत यायचं. एका रविवारी मंजुळा परतली तर काशीराम खोलीत येरझाऱ्या घालत होता.

"दादरा आहे तो, दादरा! त्याला कुणी सांगत का नाही? उधळलेल्या घोड्यासारखा धावतोय."

"तुम्ही सांगा की जाऊन."

"मी कशाला जाऊ?"

कारखान्याने त्याला आता फाटकावर बसवलं होतं. तिथून तो संध्याकाळी यायचा आणि खाटेवर बसून राहायचा. तबला-डग्गा देऊन टाक म्हणाला होता, पण मंजुळाने खोळीसकट ते खाटेखाली सारले होते, आणि खाटेखाली काय आहे ते त्याने विचारलं नव्हतं.

नोव्हेंबर लागला. पहिल्या आठवड्यातली गोष्ट. मंजुळा परातीत भाकरी थापत होती. काशीराम खाटेवर. उजव्या हाताशी पत्र्याचा एक डबा होता, त्याच्या स्वतःच्या प्रेसवरचा. त्याच्या झाकणावर त्याची बोटं आपोआप चालायला लागली. ओठांतल्या ओठांत हंगामाच्या सणाचं गीत होतं. तो सण दोन आठवड्यांवर आला होता. बोटं चालत होती ती उजवीच. 'धा'ला दोन्ही हात लागतात. डावा नसला की ठेक्यात खड्डा पडतो. अठरा वर्षं त्याच खोलीत तो ठेका ऐकलेल्या बाईला तो खड्डा दाताखाली खडा यावा तसा लागत होता. तिने ठरवून काही केलं नाही. खड्डा आला तेव्हा तिचा पिठाचा तळवा बाजूच्या पालथ्या पातेल्यावर पडला.

काशीरामची बोटं थांबली.

"उशीर," तो म्हणाला.

"काय?"

"उशिरा पडली. परत."

तिने त्याच्याकडे बघितलं. तो डब्याकडे बघत होता. त्याने पुन्हा सुरुवात केली, तिने पुन्हा मारली.

"आता लवकर पडली. भाकरी पळून चाललीय का?"

"भाकरी करपतेय, ते बघा."

"करपू दे."

भाकरी करपली. दोघांनी ती खाल्ली. जेवण झाल्यावर तोच वाकला आणि खाटेखालून खोळी ओढल्या. म्हणजे तिथे काय आहे ते त्याला इतके दिवस माहीत होतं.

मग पुढचे बारा दिवस त्या खोलीत जे चाललं त्याला शिकवणी म्हणणं धाडसाचं होईल. काशीराम उजव्याने तबला वाजवायचा, मंजुळा डाव्या बाजूला बसून डग्गा. मनगट कुठे टेकवायचं, बोट कुठे मारायचं, हे सांगताना तो आपली उरलेली तीन बोटं हवेत नाचवायचा. आयुष्यात बोलला नसेल तेवढं त्या बारा दिवसांत बोलला, आणि त्यातलं निम्मं रागाने.

"डग्ग्याला मारायचं नसतं गं, बोलवायचं असतं."

"मी बोलावते, तो येत नाही. तुमचंच वळण लागलंय त्याला."

पलीकडून सुनंदाबाईंनी भिंत ठोकली. "अहो मंजुळाबाई, आमचे हे विचारतात, तुमच्याकडे भाकऱ्या चालल्यात की मिरवणूक?"

"दोन्ही!" मंजुळा ओरडली. "या जेवायला!"

हंगामाचा सण म्हणजे खरा खेड्यातला. गावाकडे लोक नव्या ज्वारीची कणसं, शेंगा, कोंबड्या उपासनेला आणायचे आणि देवापुढे ठेवायचे. मुलुंडच्या या मंडळीत शेत कुणाचंच नव्हतं, म्हणून प्रत्येकजण आपल्या हाताचं काहीतरी आणायचा. शिंपीकाम करणारा झबलं आणायचा. साबणाच्या कारखान्यातला साबणाची वडी. काशीराम दर वर्षी नवा कोरा डबा न्यायचा. मंजुळाने संडासाच्या पत्र्यावर चढवलेल्या वेलाचे दुधी असायचे. फळ्याखालच्या टेबलावर हे सगळं मांडलेलं पाहिलं की बाहेरच्याला वाटावं, दुकान टाकलंय.

त्या रविवारी काशीराम धुतलेला सदरा घालून तबला घेऊन चाळीतून उतरला. मागे मंजुळा. एका हातात दुधी, कमरेवर कळशीसारखा डग्गा. शाळेच्या दारात चंदरने त्यांना पाहिलं आणि त्याचा चेहरा असा उजळला, की त्याला स्वतःच्या वाजवण्याची पूर्ण कल्पना होती हे मंजुळाला त्याच वेळी कळलं.

"या काशीराव, या! सुटलो बुवा!" त्याने आपली चटई झटकून दिली. "पण डग्ग्याला कोण?"

"ही."

दारातली दोन वडीलधारी माणसं एकमेकांकडे बघू लागली. त्यांतले एक म्हणाले, "बाईमाणूस तबल्याला? कधी झालं नाही असं."

"तबल्याला मीच आहे," काशीराम म्हणाला. "ही डग्ग्याला आहे." आणि तो आत जाऊन बसला. ज्या पायरीवर पाय ठेवणार नाही म्हणाला होता त्या पायरीवरून गेला, आणि मंजुळाने त्याकडे लक्ष गेल्याचं दाखवलं नाही.

पहिली दोन गीतं बरी गेली. मग ताट फिरलं. मंजुळाचे दोन्ही हात डग्ग्यावर होते आणि चिठ्ठी तिने लिहिलीच नव्हती. आज काही मागायचं नव्हतं, काही अडकवायचं नव्हतं. तो शेजारी बसला आहे एवढं तिला पुरत होतं, आणि ते कागदावर मांडायला ती धजावत नव्हती. ताट काशीरामपुढे आलं. त्याने सदऱ्याच्या खिशातून चौघडी घातलेला कागद काढला आणि ताटात टाकला. तिच्याकडे न बघता.

पाळकांनी कागद उघडला. अक्षर टपोरं नव्हतं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि बाप्तिस्म्याच्या आवाजात वाचलं:

"काशीराम आढाव. तीन बोटं आणि बायको राहिली म्हणून."

 मग मागच्या बाकावरून चंदर फिसकन हसला, आणि त्याच्या मागोमाग सगळा वर्ग, पाळकबाई, ती दारातली वडीलधारी माणसं, सगळे. स्वतः पाळकही. मंजुळाचा चेहरा तापला. "चारचौघांत!" ती दातांतल्या दातांत म्हणाली.

"चिठ्ठीत काही गाळलंय का?" काशीराम हळूच म्हणाला.

"नाही."

"मग धर ठेका."

पाळकांनी कडव्याचा क्रमांक सांगितला. काशीरामची उजवी बोटं चालू झाली, तिचा तळवा पडला आणि तीस कुटुंबं गायला लागली. ते फार सुरेख वाजलं असं कुणी म्हणू नये. दुसऱ्या ओळीला मंजुळाची थाप घसरली, तिसरीला ती पुढे पळाली. पण गाणं ती सोडत नव्हती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायला हात मोकळा नव्हता, आणि आवाज नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या वर होता. त्या आवाजात तिने लहूचे, नळाचे, पालीचे, तीन बोटांचे आणि गेलेल्या दोन बोटांचेही आभार एकदम मानून टाकले. ढोबळच झाले म्हणायचे. त्या दिवशी तिला ते चाललं.

"उशीर," शेजारून आवाज आला.

तिला ऐकूच आलं नाही.

पुढच्या रविवारपासून तिच्या चिठ्ठ्या पुन्हा सुरू झाल्या. आता प्रत्येकीत, शक्य असेल तिथे, 'बहुतेक' असायचं. वर्षभराने काशीरामची जखम पक्की भरली आणि उरल्या बोटांनी, तळव्याने तो डग्गा थोडाफार काढायला लागला. घरी एकट्याने दादरा नीट धरून पाहिला आणि एका शनिवारी म्हणाला, "आता माझा डग्गा मला परत दे."

मंजुळा तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"परत मिळत नाही," ती म्हणाली. "पाळकांना विचारून या हवं तर."